इंजेक्टरचं औषध आणि माळावरचा चढ

आमच्या गावातलं पाणी संपलं आणि टर्बो आली, दोन्ही एकाच उन्हाळ्यात.

गाव उस्मानाबादकडच्या वाशी तालुक्यातलं. ऐंशीच्या दशकातला दुष्काळ म्हटलं की आमच्याकडच्या माणसाला साल सांगावं लागत नाही. विहिरींचे तळ उघडे पडले होते, विहिरीवरची डिझेल इंजिनं पोती पांघरून गप पडली होती, आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या सेवा सोसायटीच्या चेअरमननी मुंबईहून लिलावातली मोटार आणली. कुठल्याशा परदेशी साहेबाची जुनी गाडी. पांढरीफेक, डिझेलवर चालणारी, आणि वर टर्बो. जिल्ह्यात तेव्हा जीपगाड्या होत्या, पुढाऱ्यांच्या मोटारी होत्या, पण टर्बो हा शब्द कुणी ऐकला नव्हता. चेअरमननी तो घरोघर पोचवला. पाणी पोचवायचं राहिलं, ते सोडा.

मी त्या गाडीचा ड्रायव्हर. आधी बार्शीला ट्रकवर होतो. गावात स्टिअरिंग धरलेली माणसं दोनच, एक मी आणि दुसरा सोसायटीच्या पाण्याच्या टँकरवरचा ड्रायव्हर. तो चेअरमनच्या भावकीतला. मी वस्तीतला, बौद्ध. मला गाडीवर ठेवून घेतलं याचं चेअरमनना स्वतःलाच इतकं कौतुक होतं की तालुक्याच्या सभेत ते भाषणात सांगायचे, “माझ्या गाडीचं स्टिअरिंग म्या वस्तीतल्या माणसाच्या हातात दिलंय!” टाळ्या पडायच्या. मी बाहेर गाडीत बसून ऐकायचो. त्यांच्या घरी माझा चहाचा कप ओसरीबाहेरच्या कोनाड्यात असायचा. तो मीच विसळायचा आणि मीच परत ठेवायचा. हे भाषणात येत नसे.

टर्बो म्हणजे काय, हे समजावून सांगण्यात चेअरमनचा अर्धा उन्हाळा गेला. पारावर, सोसायटीच्या पायरीवर, तेराव्याच्या जेवणात, जिथं चार माणसं दिसतील तिथं ते सुरू व्हायचे.

“आता असं बघा. साध्या गाडीचा धूर वाया जातो. हिच्यात तोच धूर एक पंखा फिरवतो, पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, आन् गाडीला दम येतो. धुराकडनंबी काम करून घ्यायचं. हेच सहकाराचं तत्त्व हाय.”

लोक माना डोलवायचे. एकदा एका म्हाताऱ्यानं मात्र विचारलं, “आन् धुराला काय मिळतं?”

“धूर सभासद न्हाय,” चेअरमन म्हणाले, आणि विषय मिटला.

गाडीनं वेग घेतला की टर्बोची बारीक शिटी वाजायची. ती शिटी लोकांनी ऐकावी म्हणून तहसील कचेरीपुढं चेअरमन मला उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबायला लावत. उभ्या गाडीला ती शिटी नीट येत नाही, हे मी सांगून पाहिलं. त्यावर ते म्हणाले, “तू दाब तर.” मी दाबायचो. डिझेल जळायचं, धूळ उडायची, टँकरची चौकशी करायला आलेली माणसं तोंडावर धोतराचा सोगा धरून टर्बो ऐकायची.

आणि ही गाडी रोज धुवायची, असा हुकूम होता. पांढऱ्या रंगावर धूळ दिसते म्हणून. दोन बादल्या टँकरच्या पाण्याच्या, तिच्या नावानं बाजूला काढलेल्या. माझी बायको त्या गाडीला सवत म्हणायची.

“तुमची ती सवत रोज आंघूळ करती,” ती मला वाढता वाढता सुनवायची, “आन् माझी लेकरं वल्ल्या फडक्यानं तोंड पुसत्यात. पुढल्या जन्मी मोटार हो म्हणावं.”

मी खाली मान घालून भाकरी मोडायचो. 

आमची वस्ती गावाबाहेर माळावर. गाव खाली, वस्ती वर, आणि मधे एक खडकाळ चढ. वस्तीला विहीर होती, बहात्तरच्या दुष्काळात आमच्याच बापजाद्यांनी दुष्काळी कामावर खणलेली, चांगली बांधीव. त्या उन्हाळ्यात तिच्यात कबुतरं राहत होती. टँकर यायचा तो खाली, गावच्या विहिरीवर. टँकरचं पाणी विहिरीत सोडायचं आणि मग लोकांनी शेंदून घ्यायचं, अशी आमच्याकडची पद्धत. आमच्या बायकांनी चढ उतरून जायचं, घागरी खाली ठेवून लांब उभं राहायचं, गावाचं भरून झालं की मग कुणाच्या मनात आलं तर त्यांच्या घागरीत दोन पोहरे पडायचे. तोवर विहिरीत चिखल उरलेला असायचा. तो घेऊन परत चढ चढायचा.

वस्तीनं मागणी केली होती की एक दिवसाआड तरी टँकर वर आणून आमच्या विहिरीत रिकामा करा. साधी मागणी होती. चेअरमननी ती कधीच नाकारली नाही. नाकारली असती तर भांडता तरी आलं असतं.

“म्या कधी न्हाय म्हणलं का?” ते कळवळून म्हणायचे. “पर टँकरला चढ झेपत न्हाय. जुना ट्रक हाय. दम न्हाय त्याच्यात.”

सरपंचांना विचारलं तर दम न्हाय. टँकरच्या ड्रायव्हरला विचारलं तर, “मला काय, म्या उद्या आणतो, पर दम न्हाय म्हणत्यात.” तालुक्याचा साहेब आला, त्यानं खालूनच चढाकडं बघितलं आणि मान हलवली. माणसाशी तंटा करता येतो, इंजिनाशी काय करणार? आमची वस्ती त्या एका शब्दापुढं हात टेकून बसली. मला तर तो शब्द खराच वाटत होता. शेवटी मी ड्रायव्हर, जुन्या ट्रकचे हाल मला ठाऊक.

मे महिन्यात गाडीनं धूर सोडायला सुरुवात केली. डिझेल सोसायटीच्या बॅरलमधलं, त्यात वावटळीची सगळी माती. पांढऱ्या गाडीच्या मागं काळा लोट यायला लागला आणि शिटी मंदावली. मी म्हणालो, इंजेक्टरचे नोझल खोलून साफ करावे लागतील, बार्शीला मेस्त्री आहे. इंजेक्टर म्हणजे इंजिनात डिझेलचा बारीक फवारा सोडणारी तोटी. ती चोंदली की फवाऱ्याऐवजी थेंब पडतात, डिझेल नीट जळत नाही, धूर होतो. पण परदेशी गाडी बार्शीच्या मेस्त्रीनं खोलायची ही कल्पना चेअरमनना सोसवेना. “मेंदूचं ऑपरेशन जत्रंत करतेत का?” ते म्हणाले.

अशात तो एजंट उगवला. कर्नाटकच्या सीमेवरच्या मुरूमकडचा माणूस, बोलण्याला कानडी हेल, बगलेत कातडी बॅग. बॅगेत लाल औषधाच्या बाटल्या.

“इंजेक्टर म्हंजे काय, साहेब? इंजिनाचं नाक री,” तो म्हणाला. “नाक चोंदलं की माणूस दम घेईल काय? हे टाकीत टाका. आतनं सगळं धुऊन काढतंय. काय खोलायचं नको, काय जोडायचं नको.”

खोलायचं नको म्हटल्यावर चेअरमनचा चेहरा उजळला. भरल्या टाकीला एक बाटली असा हिशेब एजंटनं पुन्हा पुन्हा बजावला. मी तसं केलं, वाशीहून उस्मानाबादला जाऊन आलो, आणि खोटं कशाला बोलू, धूर खरंच कमी झाला. शिटी पहिल्यासारखी नाही, पण ऐकू यायला लागली. औषध अगदीच पाणी नव्हतं. तसं बघता तेव्हा पाणी तरी एवढ्या स्वस्तात कोण विकणार होतं?

आता चेअरमनना ते जगाला दाखवायचं होतं. त्यासाठी त्यांनी जागा निवडली आमचा चढ. पंचक्रोशीत त्याच्याइतका अवघड चढ नाही, असं त्यांनीच संचालकांना सांगितलं. पाच संचालक गाडीत कोंबले. एकाला बसायला जागा नव्हती तर तो दुसऱ्याच्या मांडीवर बसला, पण गैरहजर राहिला नाही. मी गाडी चढाला घातली. टर्बोनं शिटी मारली आणि ती दमदार बया धूळ उडवत थेट माळावर आली. आमच्या कोरड्या विहिरीला वळसा घातला, संचालकांनी काचेतून वस्तीला हात केले आणि गाडी खाली गेली. वस्तीतली सगळी माणसं दारात उभी होती. त्यांच्या वाट्याला धूळ आली.

त्या संध्याकाळी बायकोनं मला जेवायला वाढायच्या आधीच विचारलं, “येवढाली माणसं वढून ती सवत वर आली. औषध पिऊन आली म्हणं?”

“व्हय.”

“मग टँकरला पाजा की ते औषध.”

मला वाटलं, अरे, खरंच की. दमच तर हवा होता ना? दम आता बाटलीत मिळत होता. दुसऱ्या दिवशी गाडी धुता धुता मी चेअरमनना ते सांगितलं. ते खुशीत होते. “चांगली आयडिया हाय,” म्हणाले. “मीटिंगमधी घेऊ.” मी घरी येऊन बायकोला सांगितलं की आता वर पाणी आलंच समज. तिनं घागर उचलली आणि चढ उतरायला लागली. तिला मीटिंगा माझ्यापेक्षा जास्त कळत होत्या.

मीटिंग झाली. ठराव एकमतानं पास झाला. सोसायटीनं औषधाची खोकीच्या खोकी मागवली. आणि मग जे झालं ते जगात दुसरीकडं कुठं होणार नाही. खोकी आली तसा प्रश्न निघाला की औषध द्यायचं कुणाला. एक संचालक म्हणाला, ज्यांची इंजिनं आहेत त्यांना. दुसरा लगेच उसळला, म्हणजे इंजिन नसलेला सभासद काय सावत्र आहे? खत वाटताना सारखं, साखर वाटताना सारखी, मग औषधातच भेदभाव का? सोसायटीत समदे सारखे. झालं. दर सभासदाला एक बाटली, असं ठरलं.

सोसायटीपुढं रांग लागली. टँकरला लागायची त्याहून शिस्तीत. ज्यांची इंजिनं पोत्याखाली होती त्यांनी बाटल्या नेल्या. ज्यांना इंजिन नव्हतं त्यांनी नेल्या. मयत सभासदांच्या वारसांनी भांडून नेल्या. एका घरात दोन भाऊ वाटणी होऊन वेगळे झालेले, सभासदत्व मात्र बापाच्या नावावर एकच, तर त्यांनी बाटली सोसायटीच्या पायरीवरच दोन वाट्यांत ओतून घेतली. कुणी ते औषध म्हशीच्या गोचिडांना लावलं. कुणी गुडघ्याला चोळलं आणि फरक पडला म्हणून सांगितलं. कुणी स्टोच्या पिना धुतल्या, कुणी बैलगाडीच्या आसाला घातलं. एका सभासदानं बाटली न फोडता देव्हाऱ्यात ठेवली, लाल रंगाची चीज वाया घालवायची नाही म्हणून.

मी वाट बघत होतो टँकरच्या बाटलीची. वाटप संपत आलं तसा मी पुढं झालो आणि म्हणालो, “साहेब, टँकरचं?”

चेअरमननी संचालकांकडं बघितलं. संचालकांनी एकमेकांकडं बघितलं.

“टँकर सभासद हाय का?” चेअरमन म्हणाले.

मला आधी वाटलं गंमत करतायत. पण त्यांचा चेहरा गंभीर होता. “नियम सगळ्यांना सारखा,” ते समजुतीच्या सुरात म्हणाले. “आज टँकरला दिली, उद्या वजनकाटा मागंल.” संचालक हसले. गावात एकच इंजिन रोज चालत होतं, त्या एका इंजिनावर सगळं गाव जगत होतं, आणि तेवढंच बिचारं सभासद नव्हतं. माझं डोकं असं तापलं की गाडीची किल्ली तिथंच फेकून यावी. फेकली नाही. नोकरी होती.

घरी येऊन मी आदळआपट केली. बायकोनं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, “वस्ती सभासद हाय न्हवं?”

वस्ती सभासद होती. मागच्या सोसायटीच्या निवडणुकीआधी चेअरमननीच घरटी एक सभासद करून घेतला होता, मतांसाठी. त्यामुळं लाल बाटली आमच्याही घरोघर आली होती. बायको उठली आणि घरोघर फिरली. कुणी बाटली उंदीर मारायला ठेवली होती, कुणी दिव्याला. पण वर पाणी येणार म्हटल्यावर सगळ्यांनी दिल्या. बायांनी त्या टोपलीत भरल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाकरी खायला पायी घरी निघालो होतो. चेअरमन जेवून पडले होते. गाडी घरी न्यायची मला मुभा नव्हती. चढाच्या पायथ्याशी बघतो तर टँकर लिंबाखाली उभा, पाण्यानं भरलेला, आणि भोवती वस्तीच्या बाया. त्यांच्या हातात दगड. मी धावतच तिथं पोचलो. पण ते दगड मारायला नव्हते. टँकर चढताना मागं सरकला तर चाकाखाली घालायला आणले होते. टँकरचा ड्रायव्हर लिंबाच्या बुंध्याला टेकून बिडी ओढत होता, घाबरलेला.

“मला वर न्यायचा हुकूम न्हाय, बाई,” तो म्हणत होता. “दम न्हाय त्याच्यात.”

“म्हणून तर दम आणलाय,” बायको म्हणाली. “हे समदं आमच्या वाटणीचं हाय. आमी कुणालाबी पाजू.”

ड्रायव्हरनं टोपलीत डोकावून बघितलं. चेअरमननी ‘दम न्हाय’ एवढंच म्हटलं होतं. आता दम टोपलीत होता. त्यानं टाकीचं झाकण काढून दिलं. मी “अगं, टाकीला एकच बाटली असते” असं म्हणेपर्यंत निम्मी टोपली आत गेली होती. बायांनी कुणाचीच बाटली मागं ठेवली नाही. कुणाचं औषध घेतलं आणि कुणाचं राहिलं असं व्हायला नको म्हणे. सहकाराची लागण वस्तीलाही झाली होती.

मी फूटबोर्डवर चढलो. ड्रायव्हरनं बिडी विझवून कानावर ठेवली, टँकर सुरू केला आणि चढाला घातला. पहिला गिअर. मग थोडं वर गेल्यावर दुसरा. मागून बाया दगड घेऊन चालत होत्या. टाकीत पाणी डचमळत होतं. वळणावर टँकर थोडा घुसमटला, ड्रायव्हरनं पाय दिला, आणि तो हत्तीसारखा डुलत वर निघाला.

“चढतोय की रं हा!” ड्रायव्हर माझ्याकडं बघून ओरडला.

बायांना दगड टाकायची वेळच आली नाही. टँकर आमच्या विहिरीपाशी उभा राहिला. ड्रायव्हरनं पाइप सोडला, कबुतरं फडफडत उडाली आणि आमच्या विहिरीत पाणी पडल्याचा आवाज आला. मला रडू आलं. त्यात लाज कसली? सगळी वस्ती काठावर ओणवी होऊन नुसता तो आवाज ऐकत होती. बायको माझ्याकडं बघून म्हणाली, “आता कसा सवतीवानी चढला!” आणि हसली. त्या उन्हाळ्यात ती पहिल्यांदाच तशी हसली.

टँकर रिकामा झाला. ड्रायव्हरनं परत सुरू केला तर खोकला, पांढरा धूर ओकला आणि बंद पडला. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ बसलेला. इतक्या बाटल्यांनी तो एकदम सुटला आणि जाऊन फिल्टरमध्ये बसला. आम्ही दोघांनी पाइप काढून तोंडानं फुंकला, काळं डिझेल थुंकलो, इंजिनाला डिझेल चढवणारा हातपंप मारला. काही नाही. टँकर आमच्या विहिरीवर मुक्कामाला राहिला.

दुसऱ्या दिवशी गाव वर आलं. दुसरं करणार काय? पाणी होतं ते फक्त माळावरच्या विहिरीत. आधी गरीबगुरीब आले, मग थोडे बरे, मग सगळेच. आपल्या घागरी, आपले दोर घेऊन चढ चढत, धापा टाकत. आमच्या विहिरीवर कुणाला लांब उभं राहायला सांगत नाहीत. तशी आमच्यात पद्धतच नाही. जो आधी आला त्यानं आधी शेंदायचं. आमच्या बायका पहाटेपासून होत्या, त्या पुढं, बाकीचे मागं. खालच्या आळीची एक म्हातारी रांगेत दमून बसली तर माझ्या बायकोनं तिला स्वतःची जागा दिली.

उन्हं चढल्यावर मी चेअरमनना घेऊन आलो. त्यांच्या घरात आदल्या दिवसापासून थेंब नव्हता. डिकीत कॅन घातले होते. गाडी त्या दिवशी धुतलेली नव्हती. दोन बादल्यांत धुतलेल्या गाडीचाच काय तो थाट, न धुतलेली ती आमच्या माळासारखीच दिसत होती. चढावर इंजिन असं तापलं की वर पोचेपर्यंत बॉनेटमधून वाफ यायला लागली. टर्बोची शिटी कुणाला ऐकू आली नाही, रेडिएटरची सगळ्यांना आली.

चेअरमन उतरले. सगळ्यांच्या देखत त्यांनी टँकरच्या ड्रायव्हरला विचारलं, “चढला कसा रं हा?”

“दुसऱ्या गिअरात चढला, साहेब.”

“औषधानं व्हय?” चेअरमनचा चेहरा खुलला. रांगेकडं वळून ते काही बोलणार, तेवढ्यात ड्रायव्हर घाईघाईनं म्हणाला, “औषधाचं न्हाय, साहेब. औषध तर बायांनी पायथ्याला वतलं. ते इंजिनापत्तूर जायला येळ लागतो. त्याच्या आदीच वर आला हा.”

“मग इतके दिस का न्हाय चढला?”

“इतके दिस तुमी चढव म्हणलंच न्हाय की, साहेब.”

त्यानं हे टोचायला म्हटलं नव्हतं. टँकर बिघडवल्याचं आपल्या अंगावर येऊ नये म्हणून बोलला बिचारा. पण रांगेतल्या माना टँकरकडं वळल्या. मी पण चढाकडं बघितलं. आख्खा उन्हाळा आम्ही ज्या दमाच्या नावानं खाली मान घालून होतो, तो आहे की नाही हे कुणी एकदाही बघितलं नव्हतं. मी स्वतः ड्रायव्हर असून विचारलं नव्हतं. 

टँकरचं पुढचं सांगून टाकतो. बार्शीचा मेस्त्री दुसऱ्याच दिवशी आला. जो कुणाला कधी बोलावता आला नव्हता, तो गावाला चढ चढायला लागल्यावर लगेच सापडला. त्यानं फिल्टर बदलला, टाकी धुतली, टँकर खाली नेला. त्यानंतर एक दिवसाआड तो वर येत राहिला, कारण आता दम नाही असं म्हणायला कुणाला तोंड नव्हतं. सोसायटीच्या वार्षिक सभेत चेअरमननी सांगितलं की इंजेक्टरच्या औषधामुळं वस्तीला पाणी मिळालं. टाळ्या पडल्या. औषधाची आणखी खोकी मागवायचा ठराव झाला. पाणी येत होतं, त्यामुळं आम्हीही टाळ्या वाजवल्या.

पण मला सांगायचंय ते त्या दिवसाचं उरलेलं.

चेअरमन उन्हात उभे होते. ओठ सुकलेले, टोपीखालून घाम. माझी बायको रांगेतून बाहेर आली. हातात पितळी तांब्या, घासून लख्ख केलेला, काठोकाठ भरलेला.

“साहेब, पाणी घ्या.”

चेअरमननी तांब्या घेतला. एकवार आत बघितलं. मग गाडीकडं वळले आणि मला म्हणाले, “बॉनेट उघड.” मी फडकं धरून रेडिएटरचं झाकण काढलं. त्यांनी स्वतःच्या हातानं, एक थेंब न सांडता, तांब्या आत ओतला. “लई तापलीय,” म्हणाले.

“गाडीला चालतंय न्हवं आमचं पाणी?” बायकोनं विचारलं.

“गाडीला काय, बाई,” चेअरमन म्हणाले.

बायकोनं तांब्या घेतला, परत भरून आणला, परत त्यांच्यापुढं धरला. या वेळी त्यांनी हात पुढं केला नाही. “नको. आत्ताच पिऊन निघालोय,” म्हणाले आणि गाडीत जाऊन काचा लावून बसले. घरात थेंब नाही म्हणून कॅन घेऊन आलेला माणूस.  बायकोनं ते पाणी खालच्या आळीच्या म्हातारीला दिलं. म्हातारी ते घटाघटा प्याली आणि तिनं तांब्या विसळायलाही लावला नाही.

मी कॅन घेऊन पुढं गेलो तर बायको म्हणाली, “मागं उभं राहा. सोसायटीत समदे सारखे.” मी मागं उभा राहिलो. माझी पाळी येईपर्यंत चेअरमन बंद गाडीत उकडत बसले होते. एकदाही त्यांनी हॉर्न वाजवला नाही.

कॅन भरले, डिकीत ठेवले, चढ उतरून घरी आलो. मी कॅन ओसरीच्या पायरीवर ठेवले, नेहमीसारखे. तिथून ते त्यांच्या घरातल्या माणसांनी आत नेले. मी कोनाड्याजवळ उभा होतो तेवढ्यात आतून चेअरमन बाहेर आले. हातात त्यांच्याच घरचा तांब्या. ओसरीवर उभं राहून त्यांनी तो तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला, मग दुसरा मागवला, तोही प्याले. आमच्याच विहिरीचं पाणी होतं. माझ्याच हातानं शेंदलेलं. चढ उतरताना डिकीत त्या पाण्यात कुठलं औषध पडलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.